अपग्रेडोत्सुकांस काही नम्र सूचना

२०१७ साली असेंबल करून घेतलेला आपला गेमिंग संगणक आता नव्या गेमच्या पहिल्याच चकमकीत धापा टाकू लागला असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन स्वीकारावे; कारण घरच्यांपुढे मांडता येईल असे खर्चाचे सबळ निमित्त आपल्या हाती आले आहे. या लेखापुरते असे धरून चालू की त्या यंत्रात कोअर आय-५ ७४०० हा प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकुलती एक स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, आहे. ‘कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लागतो’ या सबबीवर घरात शिरलेली अशी यंत्रे पुण्या-मुंबईत आजही सुखाने नांदत आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, यंत्र नेमके कुठे अडते आहे हे कदापि मोजू नये. मोजण्याचा मार्ग दुर्दैवाने फार सोपा आहे, म्हणूनच सावध करणे अगत्याचे वाटते. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर ठाण मांडून बसलेला दिसला, तर अडचण बहुधा कार्डाची असते. तो पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची संख्या, कोसळत असेल, तर कार्ड बिचारे प्रोसेसरची वाट पाहत बसलेले असते. याहून घातक प्रयोग म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहणे: फ्रेमरेट वाढला तर मर्यादा कार्डाची, जागचा हललाच नाही तर प्रोसेसरची. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि एक रुपयाही पडत नाही. फुकटात निघालेल्या निष्कर्षाचा आधार घेऊन हजारो रुपये खर्च करणे सुज्ञास शोभत नाही. त्यापेक्षा प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे टाकली की ‘बॉटलनेक (म्हणजे अडथळा) २३.४७ टक्के’ असे उत्तर देणारे एखादे संकेतस्थळ गाठावे. आपण कोणता गेम खेळता, कोणत्या सेटिंगवर खेळता, असले खासगी प्रश्न ते विचारत नाही, आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे असले की शंकेला जागा उरत नाही.

कॅबिनेटचे झाकणही उघडू नये. आत कूलरच्या पंखावर इतक्या वर्षांची धूळ साचली असेल, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल, आणि तापमान हाताबाहेर गेले की तो स्वतःच आपला वेग कमी करत असेल. हे सारे एक ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब यांत निभावण्याचा संभव असल्याने तिकडे पाहणेच धोक्याचे.

आता खरेदीकडे वळू. आरंभ नेहमी ग्राफिक्स कार्डापासून करावा, कारण पाहुण्यांना दाखवता येईल असा तोच एक भाग आहे. निवडताना नाव नवे आणि किंमत कमी एवढे दोनच निकष पुरेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे या दृष्टीने आदर्श कार्ड म्हणावे लागेल. त्याला स्वतःची मेमरी ४ जीबीच, आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, चारच. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या मदरबोर्डावर त्या चार लेन कशाबशा भागवतात. आपल्या बी२५० वर पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचे असल्याने तोच रस्ता निम्म्या रुंदीचा होतो, आणि ४ जीबी भरून मेमरी उतू गेली की गेम अडखळू लागतो. म्हणजे जुन्या यंत्राच्या मालकांना परवडणारे हे कार्ड जुन्या यंत्रातच सर्वाधिक मार खाते. इतकी परिपूर्ण रचना योगायोगाने साधत नाही.

कार्ड जरा दमदार घेतलेत, तर एसएमपीएसचा प्रश्न उभा राहील. तो राहू द्यावा. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटमध्ये संसार चालवत होते आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नव्हती. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात. कुणी भित्रा मित्र एसएमपीएसचे लेबल वाचण्याचा आग्रह धरील. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॉट’ असे छापलेले असते, तेवढे वाचून थांबावे. खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यासमोर समजा १८ अँपिअर लिहिले असतील, तर गुणाकार २१६ वॉट भरतो, आणि प्रोसेसर व कार्ड या दोघांना मिळून मुख्यतः तेवढ्यावरच गुजराण करायची असते. शाळेनंतरही गुणाकार करत बसणाऱ्यांच्या नशिबी समाधान नसते. नवा एसएमपीएस घेण्याची पाळी आलीच, तर ‘८० प्लस’ हा शिक्का पाहून निर्धास्त व्हावे. तो शिक्का विजेच्या कार्यक्षमतेविषयी आहे, लोड वाढल्यावर आतले भाग तग धरतील की नाही याविषयी नाही, हा भेद तज्ज्ञांसाठी सोडून द्यावा. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देऊ शकतो हेही विसरावे. भर सामन्यात लाइट गेली आणि यूपीएस किंचाळून बंद पडला, तर दोष महावितरणला देण्याची सोय आहेच.

यानंतर प्रोसेसर मागे पडल्याचे जाणवेल. तेव्हा इंटेलचा आठव्या पिढीचा, सहा कोअरचा (म्हणजे सहा गणनकेंद्रांचा) आय-५ सेकंडहँड बाजारातून आणावा, कारण त्याचा सॉकेटही, म्हणजे मदरबोर्डावरची बसायची खाचही, एलजीए ११५१ हीच आहे आणि तो आपल्या मदरबोर्डात अगदी नीट बसतो. फक्त चालत नाही. इंटेलने सॉकेटचे नाव तेच ठेवून ३०० मालिकेचे नवे मदरबोर्ड मागितले, आणि आय-५ ७४०० बाजारात आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आय-३ या खालच्या मालिकेतही आपल्या आय-५ इतकेच चार कोअर देऊन टाकले. अशा वेळी ग्राहकाने खचून न जाता मदरबोर्डही बदलावा. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्या एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड आणि त्यावर बसणारा रायझन प्रोसेसर घेतल्यास डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, त्यामुळे जुनी स्टिक आपोआप निकालात निघते आणि एक निर्णय वाचतो.

रॅमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जुन्याच यंत्रात तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक बसवली तर एकूण मेमरी १६ जीबी होते, शिवाय ड्युअल चॅनलमुळे प्रोसेसरला माहिती दुप्पट रुंद वाटेने मिळते. हा उपाय इतका नीरस आहे की त्याचा उल्लेख करतानाही संकोच वाटतो. त्याऐवजी ३६०० मेगाहर्ट्झची, इंद्रधनुषी दिव्यांची जोडी घ्यावी. बी२५० तिला २४०० च्या पुढे जाऊ देत नाही, पण दिवे पूर्ण वेगाने लागतात. खरेदीचा मुहूर्तही जपावा. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांची मेमरीची भूक वाढल्याने रॅमचे भाव भडकले, आणि त्या डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली. वर्षानुवर्षे टाळलेली रॅम घेण्यास याहून उचित काळ कोणता?

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घेऊ नये. गेम लोड होईतो चहा होतो, ही सवय मोडवत नाही.

या टप्प्यावर कुणी म्हणेल की विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचा हा आय-५ नाही. तेव्हा जुन्या मदरबोर्डावर पैसे घालण्यापूर्वी एकदा पूर्ण हिशेब मांडावा. अशा व्यक्तीस बरोबर नेऊ नये. मुंबईतल्या संगणकाच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एकट्यानेच जावे, आणि कोणता भाग हवा हे सांगण्याऐवजी कोणता भाग शिल्लक आहे हे विचारावे. दुकानदाराच्या गोदामात जे पडून असते, तेच आपल्या यंत्राला नेमके कमी पडत असते.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल सवयीप्रमाणे मदरबोर्डाच्याच पोर्टात खोचावी. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरमध्ये स्वतःचे छोटेसे ग्राफिक्स असल्याने चित्र दिसते, आणि कार्डाला विश्रांती मिळते. ही गफलत कुणी दुरुस्त करून दिलीच, तर कोपऱ्यात फ्रेमरेटचा आकडा लावून ठेवावा आणि यापुढे गेमऐवजी तोच पाहावा. तो १४० दाखवील. मॉनिटर मात्र जुना, ६० हर्ट्झचाच राहू द्यावा, कारण त्याच्यासाठी आता पैसे उरलेले नसतात. पडदा सेकंदाला साठदाच बदलत असेल तर वरच्या ऐंशी फ्रेमचे काय होते, असे मित्राने विचारल्यास क्षणभर पडद्याकडे डोळे बारीक करून पाहावे आणि ठामपणे सांगावे, “फरक जाणवतो रे.”