सागवानाचा भुसा आणि सासूबाईंच्या कुरडया

नागपुरात राहून सुतारकामाचा छंद लावून घेणाऱ्या माणसाला लाकडाची ददात पडत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान विदर्भातून गेले. तेव्हा माझ्या एका चौरंगापुरत्या फळ्या लकडगंजात मिळणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. अडचण सुरू होते ती फळी कापल्यानंतर, कारण फळीचा जेवढा भाग करवतीच्या पात्याखाली नाहीसा झाल्यासारखा वाटतो, तो नाहीसा झालेला नसतो; तो स्वयंपाकघरात गेलेला असतो.

गाडीसाठी बांधलेल्या, पण आजवर एकही गाडी न मावलेल्या खोलीत माझी कार्यशाळा आहे. तिथल्या यंत्रांमध्ये रंधा सर्वांत बदनाम, कारण त्याचे छिलपे पोतेभर निघतात आणि सर्वांना दिसतात. प्रत्यक्षात ते बिचारे पडतात तिथेच राहतात. खरा गुन्हेगार सँडर, म्हणजे सँडपेपरने लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) धरली, तर सँडरची सर्वांत घातक पूड १० मायक्रॉनहूनही बारीक असते, ती बराच वेळ हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात बसवले आहे. हे सर्व मी जेवणाच्या टेबलावर रीतसर मांडले. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण देवघरातल्या समईवर जी पिवळी पूड बसते, ती यातली कोणती?" ती जाड पूड असून तिच्यापासून फुप्फुसांना फारसा धोका नाही, हे माझे उत्तर शास्त्रशुद्ध होते, ते स्वीकारले गेले नाही.

ही पूड पकडायला डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून गोळा करणारे यंत्र, लागते; घरातल्या व्हॅक्युम क्लीनरने हे काम होत नाही. त्याची ओढ जबरदस्त असते, पण तो हवा थोडी ओढतो. करवतीभोवती उधळणारी पूड पकडण्यासाठी मात्र ओढ बेताची चालते, हवा मुबलक लागते. पाइपातून जाताना भुसा खाली बसू नये म्हणून हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट असावा लागतो आणि चार इंची पाइपात त्यासाठी मिनिटाला साडेतीनशे घनफूट हवा खेळवावी लागते. पाइप दोन इंची घेतला, तर पैसे वाचतात आणि वाट चौथाई होते.

हे आकडे वहीत लिहून मी इतवारीच्या लोहाओळीत गेले. ब्लोअर, म्हणजे या यंत्राचा जोरदार पंखा, म्हणताच दुकानदाराने कौतुकाने विचारले, "गिरणी टाकून राहिल्या का ताई?" पुढच्या दुकानातही हाच प्रश्न आला. घरी बसून लाकूड कापणारी आणि वर त्याचा भुसा पैसे देऊन गोळा करू पाहणारी बाई त्यांच्या कोणत्याच खात्यात बसत नव्हती, त्यामुळे शेवटी मी गिरणीला होकार दिला आणि व्यवहार सुरळीत झाला. भुसा ओढणारे यंत्र हवे, असे म्हटल्यावर एकाने सांगितले की आमच्याकडे भंडारा-गोंदियाच्या राइस मिलवाले नेतात ते फेकणारे आहे; मग दोन्ही तोंडांवर हात ठेवून म्हणाला, "इकडून ओढते, तिकडून फेकते. तुम्हाला कोणती बाजू पाहिजे ते पाहा."

ब्लोअरच्या पंख्यावर लाकडाचे तुकडे आपटू नयेत, म्हणून त्याच्या आधी सायक्लोन बसवतात: वर पत्र्याचे नळकांडे, खाली निमुळता होत जाणारा शंकू, त्याच्याखाली ड्रम. हवा कडेने आत शिरते, गोल फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली उतरतो आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. असे पत्राकाम नागपुरात कोणी करावे, तर कूलर बनवणाऱ्याने. मी चित्र दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"पाणी कुठून टाकाचं?"

"पाणी नाही यात, भाऊ."

"मंग थंड कसं होईन?"

थंड करायचेच नाही, हे पटल्यावर मात्र ते माझ्या नात्यातल्या सर्व अभियंत्यांपेक्षा लवकर मुद्द्यावर आले. आतला सांधा ठोकून सपाट केला नाही तर भुसा तिथेच अडकेल, ही गोष्ट मी न सांगता त्यांनीच मला सांगितली. फक्त नवतपा तोंडावर आलेला असताना कूलर सोडून दुसऱ्या वस्तूला हात लावणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पाऊस लागल्यावर सायक्लोन घरी आला तेव्हा त्याच्या शंकूला, अगदी खाली, पाणी सोडायची तोटी बसवलेली होती. "असू द्या, कामात येईन," असे ते म्हणाले.

ड्रमच्या जागी नवऱ्याने तेलाचा रिकामा पिपा सुचवला. पाइपांच्या तोंडांवरची सगळी झाकणे बंद केली तर ओढ किती वाढते, हे पाहण्याची उत्सुकताही त्यांचीच. हवेची वाट बंद होताच पिप्याच्या चारही भिंती मोठा आवाज करून आत आल्या आणि वातावरणाचा दाब म्हणजे काय हे शेजारच्या घरांपर्यंत समजले. मग लोखंडी ड्रम आणला. पाइप जोडणाऱ्या प्लंबरशी काटकोनी एल्बोवरून वाद झाला. पाणी वळते तर हवा का वळणार नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, पण भुसा काटकोनात वळायला नाखूश असतो. काटकोनाच्या निम्म्या वळणाचे दोन तुकडे जोडून तडजोड झाली.

खरी लढाई बाहेर पडणाऱ्या हवेची होती. ती गाळायला मिळणारी ३० मायक्रॉनची कापडी पिशवी म्हणजे जाड भुसा स्वतःकडे ठेवून बारीक पूड खोलीभर वाटणारी व्यवस्था. म्हणून हवा थेट बाहेर सोडावी, असे ठरवून मी पाइप गच्चीवर नेला. चैत्रापर्यंत सर्व ठीक चालले. चैत्रात गच्चीवर सासूबाईंचे वाळवण पसरले आणि गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांना हळूहळू सागवानी छटा येऊ लागली. कुरडया तळल्यावर फरक कळत नाही, असे मी म्हणून पाहिले. त्यावर सासूबाईंनी कर्करोग संशोधन संस्थेचे माझेच वाक्य मला सालासकट ऐकवले.

पाइप खाली आला आणि एक मायक्रॉनची फेल्टची पिशवी, तिच्या किमतीसह, खोलीच्या आत आली. पण उन्हाळ्यात खोलीत कूलर असतो, आणि पंचेचाळीस अंशांत कूलर बंद ठेवून फळी घासणारा छंदिष्ट अजून जन्मायचा आहे. कूलर बाहेरची हवा आत लोटतो आणि ती दाराने घरात जाते. जाताना डस्ट कलेक्टरच्या तोंडासमोरून पूड उचलते आणि समईपर्यंत पोचवते. दोघांच्या भांडणात कूलर जिंकतो. आता घरात लेखी नियम आहे: वाळवण संपेपर्यंत सँडर फक्त पहाटे, कूलरविना, पिशवी लावून, मृग लागला की पाइप पुन्हा गच्चीवर.

राहिला ड्रम. तो भरतो, आणि भरल्यावर रिकामा करावा लागतो. तो रिकामा करताना जेवढी पूड उडते तेवढी पकडायला वेगळे यंत्र लागेल, पण त्याबद्दल मी घरी अजून काही बोललेले नाही. सागवानाचा भुसा निसर्गाचा, म्हणून ओला कचरा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेल्या फळ्या, त्यांच्या भुशात डिंकासारखे रसायन, म्हणून सुका, असे दोन पोत्यांचे विवेचन मी कचरागाडीवरच्या दादांना एकदा ऐकवले. त्यांनी दोन्ही पोत्यांत हात घालून पाहिला आणि दोन्ही सुक्यात टाकली. ऑगस्टच्या झडीत त्यांनी पुन्हा हात घातला, "ताई, आता ओला झाला," असे म्हणाले आणि दोन्ही ओल्यात टाकली.