कळस आहे म्हणून लायटनिंग अरेस्टर नको? असं नसतं हो

आमच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मीटिंगमध्ये लायटनिंग अरेस्टरचा, म्हणजे पडलेली वीज सुरक्षितपणे जमिनीत उतरवणाऱ्या सोयीचा, विषय निघाला आणि लगेच एकाने तो फिरणारा मेसेज वाचून दाखवला, की कळस तांब्याचा असतो, तो वीज खेचून घेतो, आतलं धान्य ती शोषतं, पूर्वजांनी सोय करून ठेवलीय, जुन्या देवळांना वेगळं काही लागत नाही. झालं, तेवढ्यावर खर्च कॅन्सल. म्हणून लिहितेय.

आधी ते खेचून घेणं. वीज धातू बघून येत नाही, आजूबाजूला सगळ्यात उंच काय त्यावर जास्त पडते. कुतुबमिनार दगडाचाच ना, तरी चौदाव्या शतकात वीज पडून वरचा मजला गेला आणि फिरोजशहा तुघलकाने तो परत बांधला.

आता तांबं. ते वीज वाहून नेतं हे खरंय, पण नेणार कुठे? कळसापासून जमिनीपर्यंत तांब्याची सलग पट्टी आणि खाली नीट अर्थिंग नसेल तर तो हजारो अँपिअरचा करंट कळसाखालच्या दगडातूनच वाट काढतो, दगडात मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दगड आतून फुटतो, चुन्याचे सांधे उघडतात. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचा घंटाघराचा मनोरा बघा, टोकावर तांब्याचा पत्रा होता तरी शेकडो वर्षं विजेचे तडाखे खात होता, 1745 ला तर फारच मोडतोड झाली. शेवटी 1776 ला वीज जमिनीत नेणारा कंडक्टर बसवला. पुढे 1902 ला तो पडला पण वीज पडून नाही.

धान्याचं तर काय बोलायचं, कोरडं धान्य वीज धड वाहूनही नेत नाही, शोषणार कुठून. ते श्रद्धेने भरतात, भरावंच, माझा त्याला काहीच विरोध नाही.

द्वारकेचं पण सांगतात. 13 जुलै 2021 ला तिथे वीज पडली, ध्वज फाटला, देऊळ सुखरूप राहिलं. मलाही आनंदच झाला, पण एकदा वाचलं म्हणजे दरवेळी वाचेल असं होत नाही ना.

आणि कळस काढा असं कोणी म्हणतच नाहीये! पट्टी मागच्या बाजूने उतरवता येते, कोरीवकामात ड्रिल न मारता सांध्यांवर क्लॅम्प बसतात. सीसीटीव्ही, स्पीकरच्या वायरींना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण) लावा आणि वळवाच्या आधी दरवर्षी अर्थिंग मोजून घ्या.