‘सगळं बंद केलंय, काही बिघडलं नाही’ : अपडेटच्या नोटिफिकेशनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवरचं (विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण मोफत मिळणारी प्रणाली) अपडेटचं नोटिफिकेशन बंद करू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोजच्या कटकटीला कंटाळून माणूस लिनक्सवर येतो, आणि इथेही कोपऱ्यातून कुणीतरी टोचणी लावणार असेल तर फरक काय राहिला? सिक्युरिटी अपडेट्स आपोआप बसतात, मग सांगायचं कशाला? एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरवाट सापडली, त्या प्रकरणात तर घाईने अपडेट करणारेच अडकले. आणि शेवटी, वडिलांना त्या खिडक्यांची धास्ती वाटते म्हणून तुम्ही त्यांच्या उबुंटूवरच्या (लिनक्सचाच एक प्रकार) सगळ्या सूचना बंद केल्यात आणि ‘आजतागायत काही बिघडलेलं नाही’.

दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टोचणीबद्दल तुम्ही बोललात त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, आणि त्याचा इतिहासही जुना आहे. २००९च्या एप्रिलमध्ये उबुंटू ९.०४ आलं, तोवर अपडेट आलं की वरच्या पट्टीवर एक लहानसं चिन्ह दिसायचं. या आवृत्तीत ते चिन्ह गेलं आणि अपडेट मॅनेजरची अख्खी खिडकीच आपणहून उघडायला लागली, तीही चालू कामाच्या मागे. लोक चिडले. हातातलं काम संपवून बाकीच्या खिडक्या बंद कराव्यात तर मागे ही उभी. पासवर्ड मागणारी खिडकी न बोलावता दारात येऊन उभी राहायला लागली, तर खरी कुठली आणि खोटी कुठली हे लोक पाहणार कसं, असाही आक्षेप घेतला गेला आणि तो रास्तच होता. जुनं चिन्ह परत आणायची एक आडबाजूची सेटिंग होती, ती तेव्हा बऱ्याच जणांनी शोधून वापरली.

अलीकडचं उदाहरण तुम्हीही पाहिलं असेल. उबुंटू २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅपच्या (अ‍ॅप बांधून देण्याची उबुंटूची पद्धत, जिची अपडेट्स वेगळी येतात) रूपात येतो, आणि त्याचं अपडेट आलं की सूचना यायची: अपडेट बाकी आहे, व्यत्यय टाळण्यासाठी अ‍ॅप बंद करा, १३ दिवस उरले. व्यत्यय नको म्हणून चालू काम बंद करा! १३ दिवसांनी नेमकं काय होणार, याचा त्यात पत्ता नाही. त्यातून सुरुवातीच्या काळात फायरफॉक्स बंद करून लगेच उघडला तरी जुनाच उघडायचा, कारण स्नॅपची तपासणी दिवसातून चार वेळा तिच्या वेळेने व्हायची. सांगितलं ते केलं आणि तरी सूचना पुन्हा हजर. असं एकदा झालं की माणूस पुढची प्रत्येक सूचना न वाचता बंद करतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही.

म्हणजे जास्त बोलणारी सूचना वाईट, इथपर्यंत आपण बरोबर आहोत. त्यावरून तुम्ही ‘मग सूचनाच नको’ इथे येता, तिथे माझी वाट वेगळी होते. गप्प बसलेला संगणक तुम्हाला ‘सगळं अपडेट झालेलं आहे’ असं सांगत नसतो. बऱ्याचदा त्याने काहीच केलेलं नसतं, आणि ते काही न करणंही तितक्याच शांतपणे चालतं.

तुमच्या ‘आपोआप बसतात’ या वाक्यात काय काय गृहीत धरलंय ते बघू. उबुंटूवर हे काम अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं पॅकेज करतं. ते उत्तम आहे, माझ्याही मशीनवर चालू आहे. पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दोन अटी आहेत. लॅपटॉप चार्जरवर हवा, बॅटरीवर असेल तर ते काम थांबवतं. आणि नेट मोजून-मापून मिळणारं असेल तरीही थांबवतं. दोन्ही अटी समंजस आहेत, बॅटरी संपून अपडेट अर्धवट राहू नये आणि कुणाचा डेटा परस्पर खर्च होऊ नये म्हणून घातलेल्या.

आता आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर आणा. ब्रॉडबँड नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो. अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देताना ‘हे नेट मोजणीचं आहे’ अशी खूण पाठवतो, आणि लिनक्सवरचा नेटवर्क मॅनेजर ती खूण ओळखतो. मोजणीचं नेट म्हटल्यावर अपडेट थांबलं. उद्याही तेच, परवाही तेच, कारण घरात दुसरं नेटच नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप मी याच कारणासाठी उघडून पाहिला होता. त्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. चार्जिंगचा पॉइंट स्वयंपाकघरात आणि बसायची जागा खिडकीशी, त्यामुळे काम बॅटरीवर आणि नेट फोनचं. अनअटेंडेड-अपग्रेड्स स्वतःची नोंदवही ठेवतं, ती उघडली तर पानभर एकाआड एक त्याच दोन ओळी: बॅटरीवर आहे, थांबतो, मोजणीचं नेट आहे, थांबतो. मधेच कधीतरी चार्जर लागलेला असताना त्यांच्या मुलाच्या घरचं वायफाय मिळालं, तेवढ्या दिवशी पॅकेजेस बसलेली. हे सगळं त्या फाइलमध्ये प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. काकूंना ते सांगायला मात्र पडद्यावर कुणीच आलं नव्हतं.

याच्याही खाली एक पायरी आहे. अपडेट आहे की नाही हे सूचना देणारा प्रोग्राम मशीनवर साठवलेल्या पॅकेजच्या यादीवरून ठरवतो. ती यादी ताजी करण्याचं कामही वेळापत्रकाने होतं आणि तेही चार्जरच्या अटीला बांधलेलं आहे. वेळ झाली तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ती फेरी हुकते. यादी जुनी राहिली की त्या प्रोग्रामला नवं काही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तो बोलत नाही. वडिलांच्या लॅपटॉपवर तुम्ही नोटिफिकेशन बंद केलं नसतंत, तरी तो गप्प राहिला असता अशी शक्यता आहे. म्हणून मला सूचना देणाऱ्याकडून ‘नवीन अपडेट आलंय’ याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ‘बरेच दिवस मला तपासताच आलेलं नाही’ हे ऐकायचं असतं.

अपडेट बसलं तरी गोष्ट संपत नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला तरी रीस्टार्ट करेपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो. लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) बदलली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत राहतात. उबुंटू अशा वेळी ‘रीस्टार्ट हवा’ म्हणून एक फाइल तयार करून ठेवतं, आणि कुठल्या पॅकेजमुळे हवा तेही शेजारच्या फाइलमध्ये लिहितं. लॅपटॉपचं झाकण लावून तो झोपवायचा आणि सकाळी तसाच उघडायचा, ही बहुतेकांची सवय. ती सूचनाही बंद केलेली असेल तर दुरुस्ती डिस्कवर बसलेली आणि भोक मेमरीत चालू, अशी अवस्था आठवडेच्या आठवडे राहू शकते.

‘काही बिघडलं नाही’ याबद्दल एवढंच म्हणेन की या प्रकारात बिघडलेलं दिसतच नसतं. पीके-एक्झेक या, दुसऱ्याच्या अधिकाराने काम चालवू देणाऱ्या प्रोग्राममधली त्रुटी २५ जानेवारी २०२२ला जाहीर झाली. मशीनवरच्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याला त्यातून थेट रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, सगळे अधिकार मिळत होते. ती त्रुटी मे २००९पासून तिथे होती. इतकी वर्षं सगळ्या प्रमुख डिस्ट्रोंवर (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांवर) कुणाचंच काही ‘बिघडलेलं’ नव्हतं. जाहीर झाल्यावर मात्र ती वापरायची कशी हे कुणालाही कळण्यासारखं झालं, आणि त्या दिवसापासून अपडेट घेतलेलं मशीन आणि न घेतलेलं मशीन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत होती.

आता एक्सझेड. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, असल्याचं उघड केलं. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिन होताना लागणारा क्षणभराचा जादा वेळ त्यांना खटकला होता, त्यावरून माग काढत ते तिथवर पोचले. हे प्रकरण तुम्ही तुमच्या बाजूने मांडता, पण कोण अडकलं ते पाहा: डेबियन टेस्टिंग आणि अनस्टेबल, फेडोरा रॉहाइड आणि अशाच पुढे पळणाऱ्या आवृत्त्या वापरणारे. डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस अशा सावकाश बदलणाऱ्या आवृत्त्यांवर रोज सकाळी अपडेट करणाऱ्याकडेही ती आवृत्ती आलीच नव्हती. त्याला वाचवलं ते डिस्ट्रोच्या सावकाश चालण्याने. अपडेटकडे पाठ फिरवण्याचं श्रेय त्यात नाही. आणि अडकलेले सुटले कसे? डेबियनने ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ अशा नावाचं पॅकेज पाठवलं. आकडा पुढचा दिसावा म्हणजे सगळ्यांकडे ते अपडेट म्हणून पोचेल, आणि आत मात्र जुनं, निर्धोक ५.४.५. विषाचा उताराही अपडेटच्याच वाटेने आला. ती वाट बंद करून बसलेल्यापर्यंत तो पोचला नसता.

मग कमी बोलणारी आणि तरीही वेळेवर बोलणारी सूचना असू शकते का? लिनक्स मिंटने तसा प्रयत्न केलाय, आणि मला तो मनापासून आवडतो. २०२१मध्ये मिंट २०.२ आलं, त्यात अपडेट मॅनेजर आठवण करून द्यायला लागला, पण अपडेट आल्या आल्या नाही. एखादं अपडेट उपलब्ध होऊन, तुम्ही लॉगिन केलेले ७ दिवस किंवा कॅलेंडरचे १५ दिवस उलटून गेले, तरच. तेही मूळ सेटिंगमध्ये फक्त सिक्युरिटी आणि कर्नलच्या अपडेट्सचेच दिवस मोजतो. नियमित अपडेट करणाऱ्याला ही खिडकी बहुधा दिसतच नाही. लॉगिनचे दिवस वेगळे मोजण्यामागचा विचार तर फारच नेमका आहे: रोज मशीन वापरणारा टाळतोय, आणि महिनाभर गावाला गेलेल्याला संधीच मिळालेली नाही, या दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही.

वडिलांसाठी काय करायचं, ते सांगतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये अपडेट्सचा टॅब उघडा. सिक्युरिटी अपडेट्स आपोआप उतरवून बसवण्यावर ठेवा, आणि बाकीची दोन आठवड्यांतून एकदा दाखवण्यावर. एवढ्याने त्यांच्यासमोर येणाऱ्या खिडक्या बऱ्याच कमी होतील. रीस्टार्टची सूचना मात्र चालू राहू द्या आणि ती आली की घाबरायचं नाही, काम सेव्ह करून बंद-चालू करायचं, एवढं त्यांना सांगून ठेवा. त्यांचं नेट फोनचं असेल आणि डेटा पुरेसा असेल, तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या तपशिलात मोजणीच्या नेटची खूण असते, ती काढून टाका. डेटा बेताचा असेल तर राहू द्या, पण मग तुम्ही घरी गेलात की चार्जर लावून टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यामागोमाग ‘सुडो एपीटी अपग्रेड’ या आज्ञा स्वतः चालवा.

आणि त्याआधी ती नोंदवही एकदा उघडा. व्हार फोल्डरमधल्या लॉगमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स या नावाने आहे. पॅकेज खरोखर बसल्याची शेवटची तारीख कुठली दिसते ते इथे खाली लिहा. ती याच आठवड्यातली असेल तर मला आनंदच होईल. जुनी असेल तर सोबतच्या ओळीही चिकटवा, कुठे अडतंय ते बघू.