निळं रक्त आणि गढीची माती

पुतणीनं वर्गातला मुलगा पसंत केलाय, आणि माजलगाव तालुक्यातल्या आमच्या घरात महिनाभर तोच वाद. मुलगा नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. थोरले दादा फोनवर म्हणाले, "माणसं गुणाची आहेत रे, पण खानदानी नाहीत."

मी हे माद्रिदमध्ये ऐकलं. 'निळ्या रक्ताचे' ही बोली याच स्पेनमधून जगभर गेली. कॅस्टिलची जुनी घराणी म्हणायची, आमच्यात ना मूर, म्हणजे तिथला मुसलमान, मिसळला, ना ज्यू. आणि साक्षीला गोऱ्या मनगटावरच्या निळ्या शिरा. उन्हात राबणाऱ्याच्या रापलेल्या कातडीखाली त्या कुठून दिसणार? इथून जवळच्या तोलेदोत १४४९ साली तसा कायदाच झाला: ज्यू वंशाच्या माणसानं ख्रिस्ती धर्म घेतला, तरी त्याला शहरात अधिकारपद नाही.

मागच्या वर्षी आईला सलाईन लावताना नर्सला शीर सापडेना. चार ठिकाणी टोचलं. जन्मभर कापूस वेचून काळेभोर झालेले ते हात, बोंडांच्या वाळक्या टोकांनी चिरलेली बोटं. कॅस्टिलच्या त्या कसोटीला माझी आई उतरली नसती. दादा, मग तुमच्या कसोटीला मुलाची आई का उतरत नाही? तिनं कोयता धरला, आपल्या आईनं कापूस वेचायला कमरेला ओटी बांधली, फरक एवढाच.

आजी श्रीमंताला 'तालेवार' म्हणायची. 'खानदान' फारसीतून आला, तालेवारही तिकडूनच. पण ताले म्हणजे नशीब, मुळात उगवतीचा तारा. ज्याचं नशीब उजळलं तो तालेवार. रक्ताचा तिथं संबंधच नाही. मला आजीचा शब्द खरा वाटतो.

आणि खानदानी म्हणून गावातल्या ज्या गढीचा आपण दाखला देतो, तिचं काय झालं? १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या. गढीतली माणसं हळूहळू शहरात पांगली. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथं वासेही राहिले नाहीत. मी लहानपणी पाहिलंय, पावसाळ्याआधी गावातली माणसं त्या ढासळत्या भिंतींची पांढरी माती पाट्यांनी उकरून न्यायची आणि आपापल्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पसरायची. आपलं माळवद त्याच मातीनं गळायचं थांबलं, दादा. मांगवाड्यातलंही.

मी डिसेंबरात येतोय. सुपारी फोडायची तारीख धरा.