गिल्ड वॉर्स २ ची मुख्य कथा आपल्याच नायकाला विसरते

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेमच्या मुख्य कथेचा विषय निघाला की सगळे ट्रेहर्न या पात्राच्या नावाने खडे फोडतात. २०१२ मध्ये गेम आला तेव्हापासून हेच चाललंय. हा सिल्व्हारी, म्हणजे वनस्पतीतून जन्मणाऱ्या वंशातला, अभ्यासक कथेच्या मध्यावर पुढे येतो, ड्रॅगनविरुद्ध उभ्या राहिलेल्या पॅक्ट या संयुक्त सैन्याचा मार्शल, म्हणजे सरसेनापती होतो आणि तिथून प्रत्येक मोठ्या मोहिमेचं श्रेय त्याच्याकडे जातं. लोकांचा राग मला कळतो. पण खोट ट्रेहर्नमध्ये आहे असं मला वाटत नाही. ही कथा आधी तुमच्याकडून एक माणूस घडवून घेते आणि ऐन मोक्याला त्या माणसाचं काय झालं हेच विसरते, ती खरी खोट.

सुरुवात बघा ना. मानव वंश निवडला तर कॅरेक्टर बनवतानाच विचारतात, तुम्ही रस्त्यावर वाढलात, साध्या घरात की सरदार घराण्यात? आयुष्यात खंत कसली राहिली? बहिणीचा मृतदेह मिळाला नाही याची, आईवडील कोण ते कधी कळलं नाही याची, की सर्कशीत जायचं राहून गेलं याची? ही उत्तरं नुसती शोभेची नसतात, त्यावर वेगवेगळ्या क्वेस्ट मिळतात. चार (Charr, मांजरासारखे दिसणारे योद्धे), नॉर्न, असुरा, सिल्व्हारी या बाकीच्या वंशांतही प्रत्येकाची गोष्ट वेगळी. ऑनलाइन गेममध्ये इतकं वैयक्तिक काही फार कमी जणांनी केलंय. एवढी मेहनत घेतली म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

तिसाव्या लेव्हलला तीनपैकी एका ऑर्डरमध्ये, म्हणजे ड्रॅगनविरुद्ध लढणाऱ्या संघटनेत जायचं असतं. ऑर्डर ऑफ व्हिस्पर्स निवडली की टायबॉल्ट लेफ्टपॉ भेटतो. एक पंजा गमावलेला, चार वंशाचा, सफरचंदांचा वेडा, बऱ्याच काळाने पुन्हा कामगिरीवर निघालेला आणि त्यामुळे धास्तावलेला. एरवी चार वंश म्हटलं की गुरगुरणारा सैनिक डोळ्यांसमोर येतो. टायबॉल्ट मात्र बडबड्या, जीव लावणारा. तुम्ही त्याच्याबरोबर वेषांतरं करता, त्याची भीती हळूहळू कमी होताना बघता. मग क्लॉ आयलंडच्या किल्ल्यावर झायतान या ड्रॅगनची मृतांची फौज चाल करून येते, किल्ला हातचा जातो आणि बाकीच्यांना निघता यावं म्हणून टायबॉल्ट मागे थांबतो. ड्युरमंड प्रायरी ही ऑर्डर निवडली असेल तर तिथली सोबतीण सिएरन थांबते, व्हिजिल निवडली असेल तर फोरगल. पहिल्यांदा हा प्रसंग खेळून झाल्यावर मी बराच वेळ काहीच क्लिक केलं नाही.

आणि पुढे? पुढे किल्ला परत घ्यायची तयारी. त्याच सुमारास ट्रेहर्न कथेच्या केंद्रस्थानी येतो, आणि टायबॉल्टचं नाव जवळजवळ पुसलं जातं. तुमचं कॅरेक्टर कुणापाशी मन मोकळं करत नाही, कुणावर चिडत नाही. पॅक्ट उभा राहतो तो त्याच तीन ऑर्डर एकत्र येऊन, म्हणजे टायबॉल्टसारख्यांनी जिच्यासाठी जीव दिला ती एकजूट प्रत्यक्षात येते, पण त्या क्षणी त्यांची आठवण नेमकी तुम्हालाच होत नाही! एक प्रसंग पुरला असता. कमांडर, म्हणजे तुमचं कॅरेक्टर, एकटा बसलाय, ट्रेहर्न येऊन विचारतो की टायबॉल्ट कसा होता, आणि कमांडर सांगतो. एवढ्याने ट्रेहर्नही आपला झाला असता.

कारण मार्शल म्हणून त्याची निवड तशी पटण्यासारखीच आहे. तो तिन्ही ऑर्डरपैकी कुणाचाच नाही, त्यामुळे तिघांनाही चालतो. ऑर या झायतानने भ्रष्ट केलेल्या भूमीची शुद्धी हा त्याचा वाइल्ड हंट, म्हणजे जन्मापासून सोबत आलेलं कार्य. आपण अभ्यासक आहोत, सेनापती नाही, ही शंका त्याला स्वतःलाच आहे. ही शंकाच खरं नाट्य होती. पण ती आपल्यापर्यंत येते कशी, तर चितारलेल्या पार्श्वभूमीवर समोरासमोर उभ्या दोन आकृत्या आळीपाळीने वाक्यं म्हणतात, तशी. कॅलॅडबोल्ग या त्याच्या तलवारीचं तेज दिसतं, ती हातात धरणाऱ्याची घालमेल दिसत नाही.

डेस्टिनीज एज या कथेतल्या नामवंत वीरांच्या गटाची तऱ्हा आणखी वेगळी. लोगन, रिटलॉक, ईर, झोया, केथ या फुटलेल्या मित्रांचा समेट ही खरं तर मुख्य कथेची दुसरी बाजू. पण तो समेट डंजनच्या, म्हणजे गटाने खेळायच्या स्वतंत्र मोहिमांच्या स्टोरी मोडमध्ये घडतो, आणि डंजन म्हणजे पाच जणांचा गट जमवणं आलं. ज्यांना गट मिळाला नाही त्यांनी या लोकांना भांडताना पाहिलं आणि एकदम अराहला, शेवटच्या मोहिमेत, खांद्याला खांदा लावून लढताना पाहिलं. मधली पानं गायब!

झायतानबद्दल थोडक्यात सांगते. अख्खी कथा ज्याच्या नावाने थरथरते तो ड्रॅगन एक शब्द बोलत नाही, शेवटापर्यंत नीट दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपण हवाईजहाजावर तोफेमागे उभे राहून तेच बटण दाबत बसतो.

लिव्हिंग वर्ल्डच्या, म्हणजे मुख्य कथेनंतर गेममध्ये भागाभागाने आलेल्या कथेच्या, पहिल्या सीझनचं तर मला आजही वाईट वाटतं. तो ठरावीक काळापुरता होता. २०१४ मध्ये त्यातल्या स्कार्लेट या खलनायिकेने लायन्स आर्च हे शहर उद्ध्वस्त केलं, आणि नंतर आलेल्या नवीन खेळाडूंना हे कुणी आणि का केलं ते खेळून कळायची सोयच उरली नाही. सीझन कायमचा परत यायला २०२२ उजाडलं.

हे त्यांना जमत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्स या विस्तारात (एक्सपान्शनमध्ये) डेस्टिनीज एजमधली ईर मरते, आणि तिचा मुलगा ब्रॅहम ते दुःख पुढच्या सीझनमध्ये घेऊन फिरतो. तो कमांडरला तोंडावर दोष देतो, गट सोडून जातो, जॉर्मॅग या दुसऱ्या ड्रॅगनच्या मागे लागतो. तो रागात अन्याय करतो, तरी त्याचं म्हणणं ऐकावंसं वाटतं. त्याच विस्तारात ट्रेहर्नला संपवायची वेळ आपल्यावर येते, तेही त्याच्याच कॅलॅडबोल्गने. वर्षानुवर्षं त्याला नावं ठेवणारे लोकही तिथे गप्प झालेले मी पाहिलेत. हीच जाण मूळ कथेत हवी होती.

नव्याने सुरू करणार असाल तर माझं ऐका, लेव्हल वाढतील तशी प्रत्येक डंजन स्टोरी मोडमध्ये त्या त्या वेळीच खेळून घ्या, अराहपर्यंत लांबवू नका. गट मिळत नसेल तर कमेंटमध्ये लिहा, मी येते. आणि पहिल्या कॅरेक्टरला ऑर्डर ऑफ व्हिस्पर्सच घ्या. टायबॉल्ट भेटायलाच हवा.