स्कूबा टाकीत खोबरेल फिरवायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, घाण्याचं खोबरेल चालेल ना?" कशाला म्हटलं तर, स्टीलच्या स्कूबा टाकीत (पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधतात ती दाबलेल्या हवेची टाकी) आतून फिरवायला! पोरगा गोकुळ शिरगावला लेथवर असतो. सुट्टी मिळाली की फोंडा घाट उतरून मालवणला बुड्या मारायला जातो. गेल्या महिन्यात त्यानं एक जुनी टाकी घेतली आणि लगेच तो मेसेज त्याच्यापर्यंत पोचला. त्यात म्हटलंय की खाऱ्या पाण्यात स्टील वर्षभरात संपतं, ॲल्युमिनियमला काही होत नाही. आणि स्टील घेतलंच असेल तर बुडी झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आतून तेलाचा हात द्या.

आधी तेलाचं, कारण यात जीव जाईल. आपण कारखान्यात गेजला, मशीनच्या बेडला तेल लावतो म्हणून हे इथल्या माणसाला चटकन पटतं. पण टाकीतली हवा फुप्फुसात जाते. तेलाचे कण श्वासातून गेले तर फुप्फुसाला सूज येते, मग ते तेल खाण्याचं असो की मशीनचं. दुसरं, आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण 1 बार, त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे 0.21 बार असतो. 200 बार भरलेल्या टाकीत तो 42 बार होतो. त्यात हवा भरताना टाकी तापते. अशा ठिकाणी तेल म्हणजे सरपण. आणि कंप्रेसरपाशी उभा असणार मालवणचा कुणीतरी पोरगा, ज्याला आत काय फिरवलंय याचा पत्ताही नाही. हे लिहिणाऱ्याला याची काहीच काळजी वाटली नाही?

गंज चढतो हे खरं आहे, मान्य करावंच लागेल. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाचा स्टील आणि ॲल्युमिनियमच्या स्कूबा टाक्यांवरचा 1978 चा अहवाल आहे. आत खारं पाणी आणि वर भरपूर दाब असला की स्टील झपाट्यानं खाल्लं जातं, ॲल्युमिनियम त्या मानानं टिकतं. पण त्यातली अट नीट वाचा: पाणी आत असलं पाहिजे. आणि मेसेज काय सांगतो? व्हॉल्व्ह उघडा ठेवा! होडीत उडणारं पाणी आत जायला तीच वाट. टाकीत 10-20 बार हवा नेहमी शिल्लक ठेवायची. बरेच महिने वापर नसेल तर गच्च भरूनही ठेवायची नाही, कारण दाब जास्त तसा ऑक्सिजन जास्त आणि गंजही जास्त. गंज हवेतला ऑक्सिजन खातो. ओल राहिलेल्या टाकीत काटा दाब दाखवेल, पण ती हवा श्वासाला पुरेलच असं नाही. पडून राहिलेली हवा सोडून द्या, नवी भरा.

ॲल्युमिनियमलाही खड्डे पडतात. पितळी व्हॉल्व्हच्या आट्यांपाशी मीठ साचलं की तिथं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि 6351 नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांच्या मानेला तडे गेलेले आहेत. शिवाय हवा संपत आली की नेहमीची ॲल्युमिनियम टाकी तरंगायला लागते, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं. "वर्षभरात संपतं" यावर काय बोलायचं? नीट राखलेल्या स्टीलच्या टाक्या कित्येक दशकं चालतात.

रविवारी भाचा टाकी घेऊन आला. तळाचा काळा रबरी बूट ओढून काढला तर आत ओली वाळू, मिठाचा पांढरा थर आणि बोटभर रुंद गंजाची कडी. रंगाचा पापुद्रा नखानं निघाला. खाली जस्ताचा राखाडी थर बऱ्याच जागी शाबूत होता. मेसेजमध्ये या बुटाचा शब्दही नाही, आणि बाहेरून टाकी खराब होते ती इथंच. दर बुडीनंतर बूट काढून गोड्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, मग चढवायचं. मान आणि व्हॉल्व्हही तसंच. आतून दरवर्षी माहीतगाराकडून व्हॉल्व्ह काढून, दिवा सोडून बघून घ्यायचं.

मग टाकीच्या खांद्यावरचा तपासणीचा शिक्का पुसून वाचला. हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीत दाबानं पाणी भरून करायची चाचणी, साधारण दर 5 वर्षांनी लागते. याची मुदत केव्हाच उलटलेली. खोबरेलाची बाटली आईकडे परत गेली. टाकी आता मान्यताप्राप्त केंद्रात जाईल, आणि तोवर तिच्यात कुणी हवा भरायची नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.