हवा खिडकीतून येते, कुंडीतून नाही

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो. घरात आनंद आणि आरोग्य नांदायला हवं असेल तर बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा, तो रात्रीही ऑक्सिजन देतो. हॉलमध्ये बाटलीत मनी प्लांट लावा. ही झाडं हवा शुद्ध करतात हे ‘नासा’ने सिद्ध केलंय. सकाळ-संध्याकाळ धूप आणि कापूर जाळा, हवेतले जंतू मरतात. कोपऱ्यात सैंधव मिठाचा दिवा ठेवा. एक भिंत पिवळी करा, मन प्रसन्न राहतं.

पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, हे मला मान्य आहे. तरीही हा मेसेज वाचून सोडून देणं मला पटत नाही. ज्या घरात दम्याचं मूल किंवा वयस्कर माणूस आहे, तिथे यातल्या एक-दोन गोष्टी सरळ त्रासदायक ठरतात. आणि बाकीच्यांवर पैसे खर्च झाले की घराला खरंच जे हवं असतं ते मागे पडतं.

आधी ‘नासा’चं. हा अभ्यास खरा आहे. १९८९ मध्ये बी. सी. वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, नासाच्या स्टेनिस केंद्रात तो केला. पूर्ण हवाबंद अवकाशयानात माणसं राहिली तर आतली हवा कशी साफ ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणून कपाटाएवढ्या हवाबंद पारदर्शक पेटीत एकेक कुंडी ठेवली, आत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलीन असं घातक रसायन वायुरूपात सोडलं आणि २४ तासांत ते किती घटतं ते मोजलं. घटलं. त्यात पानांइतकाच, किंबहुना जास्त, वाटा मुळांभोवतालच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा होता.

पण आपलं घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दाराच्या फटीतून, खिडकीतून, बाथरूमच्या झडपांमधून हवा सतत आत-बाहेर होत असते, आणि झाडाच्या कितीतरी आधी ती हे वायू बाहेर नेते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी असे जुने १२ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. एरवी घरात जेवढी हवा आपोआप खेळते, तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. ४०० चौरस फुटांचा वन रूम किचन धरा, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. कमीत कमी आकडा घेतला तरी ३७० कुंड्या झाल्या. पलंग कुठे टाकणार?

रात्रीच्या ऑक्सिजनची गोष्ट अर्धवट माहितीतून आलीय. स्नेक प्लांट, कोरफड, निवडुंग ही कोरड्या प्रदेशातली झाडं दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवरची छिद्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. एवढं खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. अंधारात तो तयार होत नाही, झाड कोणतंही असो. तुळस रात्री ऑक्सिजन देते असंही काही जण लिहितात, तिलाही हाच नियम लागू. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. उशाशी ठेवलेल्या कुंडीचा त्यात भरदिवसासुद्धा काही हिशोब लागत नाही.

बेडरूमची खरी अडचण वेगळीच आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२०च्या आसपास असतो. दारं-खिडक्या लावून, एसी चालू करून दोन माणसं रात्रभर झोपली की तो आरामात हजाराच्या पुढे जातो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो, बाहेरची हवा तो आणत नाही. सकाळी डोकं जड वाटायला हेही एक कारण असू शकतं. झोपण्याआधी खिडकी सताड उघडून खोली मोकळी करा, आणि शक्य असेल तर रात्री दाराला किंवा खिडकीला बोटभर फट ठेवा. याला पैसा लागत नाही.

मनी प्लांटबद्दल मात्र मी हात जोडून सांगेन. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, त्याला घरातलं स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. शोभेची काचेची बाटली, लकी बांबूचं भांडं, कुंडीखालची ताटली, सगळं त्याच्या सोयीचं. म्हणून तर पावसाळ्यात पालिकेची माणसं घरात येऊन आधी याच वस्तू बघतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी बदलून भागत नाही: मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते, ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. आठवड्यातून एकदा बाटली आतून घासणीने खसखसून घासायची. ते होणार नसेल तर वेल मातीत लावा, तिथे तो जास्त खुशीत वाढतो.

आता धूप-कापूर. देवापुढे उदबत्ती लावू नका असं मी म्हणत नाही. संध्याकाळच्या त्या वासात माझंही मन शांत होतं. पण त्याने हवा शुद्ध होते हे म्हणणं चूक आहे. काहीही जळलं की धूर होतो, आणि उदबत्तीच्या धुरात फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात, शिवाय बेंझीन आणि फॉर्मल्डिहाइडही. म्हणजे एकाच मेसेजमध्ये जे काढायला झाड ठेवायचं, तेच दोन ओळींनंतर जाळून घरात आणायचं. या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. बंद खोलीत धूप घातला की ती कुठल्या कुठे मागे पडते. एक उदबत्ती, खिडकी उघडी, आणि खोकणारं लेकरू दुसऱ्या खोलीत, एवढं पाळलं तर पूजेत काही उणं पडत नाही.

मिठाच्या दिव्यातून हवा शुद्ध करणारे ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, निघतात असं सांगतात. तसं काही निघत नाही. मीठ वितळायलाच ८०० अंश लागतात. आत असतो छोटासा बल्ब, त्याच्या उबेने मिठातून काय सुटणार? पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि कोकणपट्टीत ती जून ते सप्टेंबर बहुतेक तिथेच असते. वायरजवळ ते पाणी नको. उजेड आवडत असेल तर साधा पिवळा दिवा घ्या.

रंगाचा दावाही असाच. १९७९ मध्ये सिॲटलच्या नौदल तुरुंगात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली, कैदी शांत झाले असा गाजावाजा झाला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात नीट तपासलं तेव्हा फरक आढळला नाही. तुम्हाला पिवळा आवडतो ना? मग रंगवा की. फक्त अंधाऱ्या खोलीचं छत पांढरं ठेवा, आहे तो उजेड आत पसरेल.

झाडांचा फायदाच नाही, असं कुणी यातून समजू नये. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातले ४६ रुग्ण तपासले, सगळ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण हिरवं दिसण्याने बरं वाटतं हा अनुभव आपल्यालाही आहे. रोज कुंडीतली माती चाचपणं, नवं पान आलं का बघणं, यात सुख आहेच. त्यासाठी कुंडी ठेवावी.

मला खरी तळमळ वाटते ती सजावटीच्या नादात आपण घराचं काय करतो याची. हॉल मोठा दिसावा म्हणून बाल्कनी आत घेतो आणि उजेड-वारा दोन्ही अडवतो. खिडकीला वॉर्डरोब लावतो. चिमणी बसवतो, पण तिचा पाइप बाहेर काढत नाही, मग फोडणीचा धूर जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच येतो. सगळ्यात वाईट म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर वॉलपेपर किंवा पीव्हीसीचं पॅनल. वरून भिंत देखणी दिसते. कोपरा उचकटून बघा, मागे काळ्या ठिपक्यांची बुरशी आणि कुबट वास. ओल आणि बुरशीचा दम्याशी, श्वासाच्या आजारांशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट सांगितलंय. घरातलं बाळ रात्री का खोकतं, याचं उत्तर त्या पॅनलमागे असू शकतं.

यंदा घरावर दहा-पंधरा हजार घालणार असाल तर गळती कुठून आहे ते प्लंबरला आधी शोधायला सांगा. मग चिमणीचा पाइप बाहेर काढून घ्या, बाथरूममध्ये एक्झॉस्ट नसेल तर बसवा आणि आजी-आजोबा असतील तर कमोडशेजारी धरायला दांडी. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकीसमोरचं सामान हलवा. रंग भिंत पूर्ण वाळल्यावरच द्या, भले दिवाळी निघून जाईना का.